कोपऱ्यावरचा मांडव

सदाशिव पेठ, पुणे

७ सप्टेंबर २०२४, शनिवार
दुपारी गल्लीतून मंडळाचा गणपती गेला. ढोल-ताशा ऐकताच आई काठी टेकत खिडकीशी गेली आणि हात जोडून उभी राहिली. ती याच पेठेत वाढली. ढोलाचा तिला कधीच त्रास झाला नाही.

१० सप्टेंबर
मांडवात स्पीकरची भिंत उभी राहिली. आईनं कानांत कापूस घातला, पण खर्जातला ठोका भिंतीतून, पलंगातूनही येतो. फडताळातली भांडी किणकिणतात. रक्तदाब १५८/९०. एरवी वरचा आकडा १३५च्या आत असतो.

१२ सप्टेंबर
डॉक्टर म्हणाले, जाग आली नाही तरी आवाजानं शरीर दचकतं. ॲड्रेनलिन वाढतं, नाडी पळते, रक्तवाहिन्या आवळतात. हे रोज रात्री होत राहिलं तर हृदयावर ताण येतो. गोळी तीच ठेवली. "शांत झोप मला लिहून देता येत नाही," म्हणाले.

१४ सप्टेंबर
२०००च्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गॅलरीत मोबाइलवर मोजलं, तर ९०च्या आसपास. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्याही सुमारे तीन हजारपट!

खाली जाऊन कार्यकर्त्याशी बोललो. जेमतेम विशीचा मुलगा. "काका, वर्षातून दहाच दिवस," म्हणाला. उर्मट अजिबात नव्हता. आईचं सांगितल्यावर आवाज थोडा कमीही केला. पण माझ्या दर वाक्याला तो "काय?" विचारत होता. गाणं थांबलं होतं, तरीही. दिवसभर तो स्पीकरच्या पुढ्यातच असतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. गेलो होतो आईसाठी, परतताना त्याचीच काळजी लागली.

१८ सप्टेंबर
काल विसर्जनाची मिरवणूक. रात्री बाराला स्पीकर थांबले, सकाळी सहाला परत सुरू झाले. मिरवणुकीच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी चौकाचौकांत आवाज मोजतात. आकडे छापून येतात, पुढच्या वर्षी भिंती पुन्हा उभ्या राहतात. याचा मला मनापासून राग येतो. आईला मधल्या खोलीत झोपवलं होतं. डोळा लागला नाही.

१९ सप्टेंबर
आई नऊ तास झोपली. १३४/८२.

खाली तो मुलगा मांडवाचे बांबू सोडवत होता. तिसऱ्या हाकेला त्यानं वर पाहिलं. "काका, दोन दिवस कानांत सारखी शिट्टी वाजतेय. जाईल ना?"

चप्पल घातली आणि त्याला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे निघालो.