चौथी ते सातवी: गेलेल्या वस्तूंची नोंद

काळ: १९८६ ते १९९०. ठिकाण: तालुक्याचं गाव. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून हायस्कूल.

शिसपेन्सिल. पाचवीला शाईचं पेन आलं. शर्टाच्या खिशावरचा निळा डाग आईला घाण वाटायचा, आम्हांला बढती.

मोरपीस. पुस्तकात ठेवून पेन्सिलीचा भुसा खायला घातला की त्याला पिल्लं होतात, असं सगळा वर्ग छातीठोकपणे सांगायचा. पेन आलं, भुसा संपला. पीस उपाशीच गेलं असावं.

काडेपेटीचे छाप. चौथीत प्रश्न एकच: किती जमले? पुढे १९८७चा विश्वचषक आला, बिगफन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं आली आणि प्रश्न बदलला: कुणाकडे नाही?

गोट्या, चिंचोके. धाकट्याला दिले. म्हणजे त्याने घेतले आणि आम्ही भांडलो नाही.

सागरगोटे. मुलींनी टाकले नाहीत, फक्त ओट्यावरून माजघरात नेले.

चांदोबा. वेताळाची कोडी मागे पडली. फास्टर फेणेच्या सायकलीमागे धावायचं, तर राक्षसांवर विश्वास ठेवून चालत नाही.

वाढत्या अंगाचे कपडे. चौथीपर्यंत शिंप्याला माप आई सांगायची. सातवीत आम्ही सांगू लागलो. त्याने ऐकलं आईचंच.

चापून लावलेलं खोबरेल. १९८९ संपता संपता ‘मैंने प्यार किया’ आला. सकाळी आईने पाडलेला भांग शाळेच्या फाटकापर्यंतच टिके. नळाखाली डोकं धरण्यात मधली सुट्टी जाई.

रिबिनीचं फूल. रिबीन शाळेच्या नियमाने दहावीपर्यंत राहिली. तिचं वेणीवरचं मोठं फूल मात्र वर्षागणिक लहान होत सातवीत नुसती गाठ उरली. ओल्या गंधाची बाटली गेली, टिकल्यांचं पाकीट आलं.

हाफ पँट. ही सातवीतही गेली नाही. फुल पँट आठवीला मिळायची, म्हणून सातवीचं वर्ष सरता सरत नसे.

पायरी. ही नोंद उशिराची. पाचवीला सुरू होणारं इंग्रजी २००० साली पहिलीत आलं. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा मध्यंतरी पाचवी-आठवीला सरकली होती. फुल पँट तर आता बालवाडीतच मिळते. कोणत्या इयत्तेत मोठं व्हायचं, हे मुलांना आपलं आपणच ठरवावं लागतं.