बेसूर कोण?

बाप गिटार वाजवायचा, हे मी कोणाला सांगत नव्हतो.

बाप मिलमध्ये साच्यावर होता, हे सांगायचो. १९७८ साली नामांतरासाठी त्यानं लाठ्या खाल्ल्या, हे तर भाषणातही सांगायचो. गिटारीचं तेवढं गाळायचो. कारण ती गिटार म्हणजे आमच्या घरातली लपवलेली हार होती. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलेली हार. वस्तीतले म्हातारे अजून म्हणतात, “तुहा बाप? वाजवे नं तो. पण बेसूर वाजवे गड्या.” आणि हसतात. मीही हसायचो. दोस्तांनो, इथंच कबूल करून टाकतो, मीही हसायचो.

आम्ही इंदोऱ्याकडचे. आता राहतो प्रतापनगरात, भाड्याच्या दोन खोल्यांत. दीक्षाभूमी इथून जवळ, आपली वस्ती लांब. घरमालकानं आधी आडनाव विचारलं, मग भाडं सांगितलं. ते जाऊ द्या, तुम्हाला त्यात नवीन काही नाही. सामान हलवताना जुन्या घरातला माळा रिकामा केला, तेव्हा ते गोणपाट हातातून निसटलं आणि आतून ‘टण्ण’ असा आवाज आला. इतकी वर्षं माळ्यावर पडून एक तार अजून ताणलेली होती.

“भंगारवाल्याले देऊन टाक,” माय म्हणाली. बाप काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून मी ती प्रतापनगरात आणली.

आमच्या घरात गिटार आली कशी, ते आधी सांगतो. माझा आजा गावात वाजवायचा. लग्न कोणाचंही असो, वाजवायला तो. पण मांडवाबाहेर उभं राहून. सूर आत जायचा, माणूस बाहेर. शिधा मिळायचा तोही लांबून टाकलेला. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजा नागपूरला आला, दीक्षा घेतली, परत गेला आणि वाद्य खुंटीला टांगलं ते टांगलंच. गावकीची कामं सोडायची म्हणजे सोडायची. पोटाला चिमटा बसला, पण त्यानं सोडलं.

बापाला मात्र वाजवायचं होतं. आणि त्याला असं वाद्य हवं होतं, जे कोणी आपल्या गळ्यात बांधलेलं नाही. गिटार कुठल्या बलुत्यात नव्हती. ती इथं रुजली ख्रिस्ती वादकांच्या हातून, सिनेमाच्या स्टुडिओतून. तिच्यावर कोणाच्या घरचा शिक्का नव्हता. निदान बापाला तसं वाटलं.

बोनसच्या पैशातून त्यानं ती घेतली, सेकंड हँड. तेव्हा आयातीवर बंधनं होती, परदेशी गिटार आपल्यासारख्यानं स्वप्नातच पाहायची. ही देशी. कलकत्त्याकडचा माल, एवढंच विकणाऱ्यानं सांगितलं. नावाची पट्टी तेव्हाच उडालेली होती. विजेची का घेतली? कारण आपले कार्यक्रम दिवाणखान्यात होत नाहीत. चौकात होतात, ट्रकवर होतात. वामनदादांची गाणी म्हणायला पार्टी उभी राहिली की एका बाजूला ढोलकी, दुसऱ्या बाजूला भोंगा. तिथं साध्या गिटारीचं कोण ऐकतो? मडी वॉटर्स नावाचा काळा गायक १९४३ साली मिसिसिपीच्या मळ्यातून शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार बुडायला लागली, तेव्हा त्यानंही विजेची हातात घेतली. १९७२ साली आपल्या पोरांनी काळ्यांच्या पँथरचं नाव घेतलं. त्यांच्या गिटारीकडे मात्र आपण फारसं पाहिलं नाही.

चौदा एप्रिलला, विजयादशमीला बाप वाजवायचा. मग त्याला हाव सुटली. शहरातल्या एका सिनेगीतांच्या ऑर्केस्ट्रात तो गेला. तिथला मास्तर मोठा माणूस. त्यानं दोन गाणी ऐकली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, कानात सूर नाही तुझ्या. तुमच्या लोकांचा हात ढोलकीवर बरा.

बाप घरी आला. काही दिवस आपल्या पार्टीत वाजवली, पण आता तिथंही लोक कान देऊन चुका ऐकायला लागले. मग गोणपाट. मग माळा.

एवढी गोष्ट. आता दुरुस्तीचं सांगतो.

पहिल्या रात्री फक्त धूळ काढली. अंग प्लायवुडचं, कडेनं थर सुटलेले. मान कुठल्या तरी जंगली लाकडाची, आत लोखंडी सळई नाही. सहाही तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून ताण पंचेचाळीस किलोच्या आसपास जातो. म्हणजे एक बारकेला माणूस त्या मानेला रात्रंदिवस लटकलेला. त्यात नागपूरचा उन्हाळा. लाकूड सुकून आकसतं, पितळेचे पडदे आकसत नाहीत. त्यांची टोकं कडेनं बाहेर येतात आणि हात ओरबाडतात.

एक ओळखीचा म्हणाला, “प्लायवुड आहे, त्यात काय जीव टाकतो?” पण प्लायवुड म्हणजे टाकाऊ, असं समजू नका. अमेरिकेत १९५० च्या दशकात डॅनइलेक्ट्रो नावाची कंपनी दाबलेल्या भुशाच्या हार्डबोर्डाच्या गिटारी करायची. पिकअपला लिपस्टिकच्या नळीचं कवच. सिअर्स या दुकानाच्या टपाली कॅटलॉगात त्या स्वस्तात मिळायच्या, गरिबाच्या पोराला परवडायच्या. आज त्याच गिटारी लोक शोधत फिरतात. माल हलका होता, पण मापं बरोबर होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

दोन पिकअप होते. एक बोलत होता, एक मेलेला. पिकअपमध्ये जादू काही नाही. लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज हलते. मीटर लावला. जिवंत पिकअपनं सहा हजार ओहमच्या आसपास दाखवलं, मेलेल्यानं काहीच नाही. भिंगातून पाहिलं तर आतले वेढे शाबूत, फक्त शेवटचं टोक तुटलेलं. श्वास रोखून सोल्डर मारला. मीटरचा काटा हलला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि ओरडायची सोय नव्हती. प्रतापनगर आहे, इंदोरा नाही.

आवाजाचं बटण खरखरत होतं. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसते. स्प्रे मारून शंभरदा फिरवलं, साफ झालं. मग गुणगुण. तारांना हात लावला तरी कमी होत नव्हती. तारांची अर्थिंगची वायर तुटली होती, ती जोडली. इथं एक सांगून ठेवतो. जुना ॲम्प्लिफायर दोन पिनांच्या प्लगवर लावू नका. तीन पिना आणि तपासलेलं अर्थिंग हवंच. पावसाळी स्टेजवर वाजवणारा जागच्या जागी जाऊ शकतो. आपल्या कार्यक्रमात वीज आकड्यावरची असते, म्हणून जास्त सांभाळा.

पडदे गंजले, झिजले होते. काळ्या पेनानं सगळ्यांची डोकी रंगवली आणि सपाट कानस हलकेच फिरवली. जिथला रंग गेला तो पडदा उंच, जिथला राहिला तो खोल. रंग सगळीकडून सारखा जाईपर्यंत घासायचं, मग एकेक डोकं गोल करायचं. शेवटी लोखंडी वूलनं चमकवायचं. त्याआधी पिकअपवर टेप चिकटवायची असते, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकाला जाऊन बसतो. मी चिकटवली नव्हती. दोन तास सुईनं भुगा काढत बसलो.

मान अंगाला चार स्क्रूंनी जोडलेली. त्या खाचेत पोस्टकार्डाचा तुकडा घातला. मान थोडी मागं कलली आणि तारा पडद्यांपासून पाच मिलिमीटरवर होत्या त्या अडीचवर आल्या. नव्या तारा चढवल्या. मोकळ्या तारा सुरात लावल्या.

आणि वाजवली तर बेसूर.

खालच्या दोन-तीन पडद्यांवर चाललं. पाचव्यावर शंका आली. बाराव्यावर तर फाटलंच. मला घाम फुटला. वाटलं, मास्तर बरोबर होता, रक्तातच नाही आपल्या. हे मी मनात म्हणालो. मी, जो रोज दुसऱ्यांना शिकवतो की रक्तात काही नसतं.

मग मोबाईल काढला. सूर मोजणारं यंत्र आज त्यात फुकट मिळतं. मोकळी तार बरोबर. तीच बाराव्या पडद्यावर दाबली तर अर्ध्या सुराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं चढी. सहाही तारा चढ्याच. माझं बोट चुकत असतं तर कधी चढं, कधी उतरतं झालं असतं. प्रत्येक वेळी एकाच बाजूला जाणारी चूक बोटाची नसते.

फूटपट्टी घेतली. हिशेब साधा आहे. तारेची ठरलेली लांबी १७.८१७ नं भागायची, तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्यानं भागायची, दुसरा पडदा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर निम्म्यावर येतो. मी सगळे मोजले. पडदे बरोबर होते. कारखान्यात ज्यानं ते कापले त्या कामगाराचा हात नेक होता. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत ३२४ मिलिमीटर. म्हणजे तिथून खालच्या घोडीपर्यंत निदान ३२४ हवेत. खरं तर दोन-चार जास्तच हवेत, कारण तार दाबली की थोडी ताणली जाते आणि चढते.

मोजले. ३१७ भरले.

घोडी जिथं असायला हवी त्याच्या सात मिलिमीटर पुढं ठोकलेली होती. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज. तो चुकला की वाजवणारा कोणीही असो, वर गेला की बेसूर होणारच. मडी वॉटर्सला बसवला असता तरी झालाच असता.

घोडी सरकवायची म्हणून स्क्रू काढले, पत्रा उचलला. खाली कंपनीची दोन भोकं. आणि त्यांच्या मागं, पाच-सहा मिलिमीटरवर, आणखी दोन भोकं. बुजवलेली. काडेपेटीच्या काड्या घालून, वर डिंक लावून, ब्लेडनं सफाईनं कापलेली. कोणीतरी एकदा घोडी मागं नेली होती. आणि परत पुढं आणली होती.

बाप टीव्हीसमोर बसला होता. मी पत्रा हातात घेऊन गेलो.

“बाबा, ही घोडी तुम्ही हलवली होती?”

त्यानं आधी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हाव. मले वाटे का थोडी मांग पाह्यजे. कान सांगे.”

“मग परत पुढं काऊन आणली?”

“मास्तरनं पाह्यलं. म्हणे, कंपनीनं बसवली ते चूक, अन् तुले समजते काय?” थोडा थांबला. “मले वाटलं, बराबर हाय. कंपनीवाल्याले समजत असंन. आपून काय शिकलो होतो?”

मी तिथंच खाली बसलो.

बापाच्या कानाला चूक ऐकू आली होती. किती चूक आणि कोणत्या बाजूला, तेही कळलं होतं. हातात फूटपट्टी नाही, मोबाईल नाही, शिकवणारा नाही, आणि तरी त्यानं घोडी योग्य दिशेला, जवळजवळ योग्य जागी नेली होती. ज्या माणसाच्या कानात सूर नाही म्हणून आम्ही सगळे हसलो, त्या माणसाचा कान त्या ऑर्केस्ट्रात कदाचित सगळ्यात नीट होता. मास्तरला गिटारीचं हे माप माहीतच नसेल, असंही असेल. पण त्याचं माहीत नसणं ज्ञान ठरलं आणि बापाचं माहीत असणं उद्धटपणा.

मी हे तावातावानं बोललो. बाप म्हणाला, “सगळं मास्तरवर नोको टाकू. मीबी तं सोडूनच देलं.”

त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीची भोकं मी बुजवली. बापासारखीच, काड्या घालून. घोडी मागं नेली, जरा तिरपी बसवली. जाड तारेला पातळ तारेपेक्षा थोडी जास्त लांबी लागते. बारीक तारेला ३२६, जाड तारेला ३२९. तारा लावल्या आणि गिटार बापाच्या मांडीवर ठेवली. त्याची बोटं आता वळत नाहीत. एकच तार बाराव्या पडद्यावर दाबली, छेडली, कान खाली नेला. पुन्हा मोकळी छेडली.

“आता बसली,” म्हणाला. गिटार मला दिली आणि हात धुवायला उठला.

दोस्तांनो, आपल्याला गुणवत्ता नाही, कान नाही, डोकं नाही, असं सांगणारे तुम्हाला रोज भेटतात. आपण चिडतो, घोषणा देतो. द्याव्यात. पण त्याआधी एक करा. मोजा. पडदे कुठे आहेत, घोडी कोणी कुठे ठोकली, ते मोजा. आणि तुमच्यातला एखादा कमी शिकलेला माणूस म्हणाला की हे जरा मागं पाहिजे, तर हसू नका. मी हसलो होतो, त्याचं मला आयुष्यभर पुरेल.

दुसऱ्या पिकअपमध्ये थोडी गुणगुण अजून आहे. प्लायवुडचे थर पुन्हा चिकटवायचे आहेत. रविवारी गिटार घेऊन मी विहारात जातो. दोन पोरं आणि एक पोरगी शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना सूर शिकवत नाही. हातात फूटपट्टी देतो.