हजरच्या डोंगरातला पाझर तलाव

शारजाच्या समुद्राकाठी संध्याकाळी फिरताना समोर जे पाणी दिसतं, ते पृथ्वीच्या हिशेबात अगदी अलीकडचं आहे. वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलेलं होतं, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. इराणच्या या आखाताची सरासरी खोली आहे जेमतेम ३५ मीटर. म्हणजे तेव्हा इथे समुद्र नव्हता, लांबरुंद खोरं होतं, आणि तैग्रिस-युफ्रेटिसचं पाणी त्यातून वाहत हुर्मुझकडे जायचं. पुढे बर्फ वितळत गेलं, समुद्र चढत गेला आणि सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या किनाऱ्याला येऊन टेकला. याच समुद्राचं पाणी गोडं होऊन आमच्या नळाला येतं. शारजात सकाळी चहा होतो तो बहुतेक या पाण्याचा.

पुण्यातली माझी भाची ऑगस्टमध्ये काश्मीरची तळी पाहून आली. विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, गंगबल. फोटो पाठवून तिने विचारलं, "मावशी, तुझ्याकडे चालत जाण्यासारखं एखादं तळं आहे का गं?" तिला तसंच, हिमनदीने कोरलेलं तळं हवं होतं. हिमनदी डोंगराच्या कुशीत खळगा खरवडते, पुढे ढकललेल्या दगडमातीचा बांध घालते आणि स्वतः मागे हटते. मागे उरतं ते निळं पाणी. आमच्या डोंगरांत असं काही घडलेलं नाही. तरीही मी "आहे" म्हणून कळवलं.

शारजाला डोंगर आहेत हे तिकडे फारसं कुणाला माहीत नसतं. क्रिकेटचं मैदान, रोलातली गर्दी, दुबईला जाताना लागणारी वाहनांची रांग, एवढ्यावर ओळख संपते. पण सातही अमिरातींत आखात आणि ओमानचा समुद्र अशा दोन्ही बाजूंना किनारा असलेली एकटी शारजाच. पलीकडच्या किनाऱ्यावर खोरफक्कान आहे आणि मध्ये हजर पर्वत आडवा पडला आहे. २०१९ साली तो ओलांडणारा ८९ किलोमीटरचा नवा रस्ता खुला झाला. त्यावर पाच बोगदे आहेत, आणि एका बोगद्यातून बाहेर पडलं की डाव्या-उजव्या हाताला नुसते उघडे, तपकिरी, काळपट कडे. वादी शीच्या या परिसरात अल रफिसाचं धरण आहे. रस्ता होण्याच्या कितीतरी आधी बांधलेलं. आता तिथे उपाहारगृह आहे, शुक्रवारी मुलाबाळांसह माणसं येतात, बदकांना पाव टाकतात. गाडी थेट पाण्याजवळ जाते. आम्ही मात्र गाडी अलीकडे लावून, एका सोंडेवर चढून, धारेवरून चालत त्या पाण्याकडे उतरतो. पायाखाली डोंगर आल्याशिवाय ते पाणी तिथे का आहे, हे उमगत नाही.

शारजात २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. शाळाही त्यात आल्या. मी शाळेत शिकवते, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्चमधले शुक्रवार माझे. पहाटे अंधारात निघायचं. अल धैदच्या आसपास उजाडू लागतं आणि रस्त्याकडेच्या माळावर घाफची झाडं दिसू लागतात. घाफ म्हणजे आपली शमी, तीच. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं ठेवली ती. हे या देशाचं राष्ट्रीय झाड आहे. त्याची मुळं इतकी खोल जातात की वर वाळू तापलेली असताना खालच्या ओलीवर ते हिरवं राहतं. माझे यजमान दसऱ्याला फोनवरून घरच्यांना सोनं देतात आणि इथे घाफपाशी गाडी थांबवून नमस्कार करतात. त्यात मला काही जगावेगळं वाटत नाही.

सह्याद्रीत आम्ही कधी वाटाड्या घेऊन चाललो नाही असं कॉलेजच्या काळातलं कुणीही सांगेल. पण ते पुरतं खरं नाही. तिथे वाटाड्या सगळीकडे असतो. गुरं घेऊन निघालेला मुलगा असतो, सरपणाची मोळी घेतलेली मावशी असते, वाडीच्या तोंडाशी बसलेले मामा असतात. "मामा, गडावर वाट कुठून?" एवढं विचारलं की हात वर होतो. हजरमध्ये विचारायला कुणी नाही. डोंगरावरच्या जुन्या वस्त्या उठून कधीच खाली आल्या. खोरफक्कानजवळच्या नज्द अल मकसरची दगडी घरं आता पाहुण्यांच्या मुक्कामासाठी नीट केली आहेत. शेळ्या भेटतात, शेळीवाला भेटत नाही. म्हणून इथे स्वतःच्या हिमतीवर चालणं म्हणजे सगळा निर्णय स्वतःचा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचा, कारण घळीत उतरलं की रेंज जाते, आणि काही ठिकाणी फोन ओमानचं स्वागत करतो. तेही खोटं नाही. जवळच मध्हा हा ओमानचा तुकडा चारी बाजूंनी अमिरातींच्या पोटात आहे, आणि त्या तुकड्याच्या पोटात नहवा हे शारजाचं गाव.

जमीनही वेगळी. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. त्याचे टप्पे पायऱ्यांसारखे मोजता येतात, कातळ हाताला धरतो. हजरचा हा भाग त्याहून जुना, आणि त्याचा जन्म समुद्राच्या तळाचा. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी महासागराचा तळ आणि त्याखालचा पृथ्वीच्या आतला खडक अरबस्तानच्या कडेवर चढला. जो खडक एरवी कित्येक किलोमीटर खोल असतो, त्यावर आपण बूट घालून उभे असतो. उन्हाने आणि पाण्याने तो ठिसूळ होऊन त्याचे धारदार तुकडे पडतात. सगळीकडे घसारा. उतारावर हात टेकायला जाल तर दगड हातात येतो. माती जवळपास नाहीच. पावसाचा थेंब धरून ठेवेल असं गवत नाही. घळींत समरच्या बाभळी आणि बोरीसारखी सिद्र, तेवढाच आडोसा.

याच कारणाने इथे पाण्याचं भय वेगळं आहे. देशभराची वर्षाची सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास. आंबोलीला हा पाऊस एखाद्या दिवसात पडतो. पण तो आला की उघड्या कातळावरून एकदम वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात, उतरतो, आणि जिथे तासाभरापूर्वी आपण डबा उघडून बसलो होतो तिथून गाडी वाहून नेईल असा लोंढा जातो. डोंगरावर ढग जमलेले दिसले की वादीत पाऊल टाकायचं नाही, डोक्यावर ऊन असलं तरी. २०२३ पासून याला कायद्याचीही जोड आहे: पावसात वादी, धरण, पाणी साचलेल्या जागी जमलं तर एक हजार दिरहम दंड, भरलेल्या वादीत गाडी घातली तर दोन हजार, शिवाय साठ दिवस गाडी जप्त. मला हा कायदा मनापासून पटतो. दुसरा नियम आमचा घरचा. प्रत्येकी चार लिटर पाणी घ्यायचं आणि दोन संपलं की जिथे असू तिथून मागे फिरायचं. माथा समोर दिसत असला तरी.

धारेवर पोचलं की तळं एकदम खाली दिसतं. हिरवट निळं, चहूबाजूंनी तपकिरी कडे, काठाला लव्हाळ्याची अरुंद पट्टी. भाचीला पाठवलेल्या फोटोत ते काश्मीरच्या तळ्यांशेजारी ठेवलं तरी शोभलं असतं. पण मला ते पाहिल्यावर काश्मीर आठवलं नाही, आजीचा माण तालुका आठवला.

हजरच्या पूर्वेकडची ही धरणं वीज करायला किंवा कालवे काढायला बांधलेली नाहीत. पूर अडवायचा, म्हणजे खालचं गाव वाचतं. पाणी थांबवायचं, म्हणजे गाळ बसतो. आणि ते वादीतल्या गोट्यांच्या जाड थरात हळूहळू उतरू द्यायचं, म्हणजे खालच्या विहिरींना आणि बागांना ते वर्षभर मिळतं. म्हणजे आपला पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं ज्या कामांवर गेली, त्यांत खडी फोडणं होतं, रस्ते होते आणि हे पाझर तलाव होते. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला. आधी हे घडलं. माझी आजी तेव्हा मातीच्या पाट्या वाहायला होती. पोटात एक मूल आणि दुसरं बांधावर झोळीत. सरकारकडून सुकडी मिळायची, तिची चव तिला शेवटपर्यंत आवडली नाही, पण त्या तलावावरून कुणी वाकडा शब्द बोललेला तिला चालायचा नाही. जानेवारीनंतर तलाव आटायचा. लहानपणी मी म्हणायचे, "आजी, पाणी गेलं गं." ती म्हणायची, "गेलं न्हाय, मुरलं. हिरीत बघ जा."

रफिसाच्या काठाशी बसलेल्या माणसांना वाटतं पाणी ते एवढंच. भिंतीच्या वरचं, बदकं पोहतात ते. मला वाटतं त्याची खरी गोष्ट भिंतीखाली आहे. या देशाने समुद्र गोडा करण्याची इतकी मोठी यंत्रं उभी केली, की पावसाचं पाणी मोजायची गरजच उरली नाही असं शहरात राहून वाटू लागतं. १६ एप्रिल २०२४ ला ते वाटणं गेलं. अल ऐनकडच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींत तेवढा कधी झालेला नाही. शारजाच्या कितीतरी वस्त्यांत त्यानंतर अनेक दिवस पाणी उभं होतं. आमच्या शाळेतली मुलं घरून शिकत होती, काहींच्या इमारतींना वीज नव्हती, आणि रस्त्यावरून माणसं होडीतून ये-जा करत होती. त्या पाण्याला शहरात मुरायला जागा नव्हती. डांबर, सिमेंट, तळघरातले गाड्यांचे मजले. खाली जाण्याची वाटच नव्हती. डोंगरात मात्र धरणं भरली आणि पाणी खाली उतरलं.

हिमनदीने कोरलेल्या तळ्यांचाही भरवसा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक तळं फुटलं आणि तिस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. हिमनदीने टाकलेला बांध कुणी तपासलेला नसतो. तळं वाढत जातं आणि एके रात्री खालच्या गावांवर येतं. भाचीला मी हे लिहिलं तेव्हा तिने गंगबलच्या काठचा अनुभव सांगितला, की तिथल्या गुज्जर बायका वरच्या बर्फाकडे बोट दाखवून "हे दरवर्षी कमी होतंय" म्हणाल्या. ही माहिती तिला फोटोत मिळाली नसती. चालत गेली म्हणून मिळाली.

तळ्यावरून परतताना आम्ही शीसला जातो. शीस म्हणजे दोन कड्यांच्या अरुंद फटीत खजुरीच्या, लिंबांच्या, आंब्यांच्या बागा, आणि त्यांच्यामधून वाहणारा वीतभर रुंदीचा पाट. याला फलज म्हणतात. वादीच्या वरच्या अंगाला पाणी धरायचं, आणि यंत्राशिवाय, नुसत्या उताराच्या हिशेबाने बागेपर्यंत आणायचं. जिथे पाणी खोल असतं तिथे डोंगराच्या पोटातून बोगदा खणून आणतात. अमिरातींच्या फलज पद्धतीची युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशात नोंद केली. मराठवाड्यातल्या वाचकांना हे नवं नाही. मलिक अंबरने खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून आणलेली नहर याच घराण्यातली. बुऱ्हाणपूरच्या भूमिगत पाण्याच्या कुंड्यांची रीतही तीच.

पण मला पाटापेक्षा पाण्याची पाळी बघायला आवडते. शीसच्या एका बागेत पाकिस्तानातल्या स्वातचा एक म्हातारा माळी काम करतो. पाटाला बागेकडे फुटणारं तोंड आहे, त्यात चिंध्या गुंडाळलेला एक दगड. तो काढला की पाणी या बागेत, घातला की पुढे. मी विचारलं, हे पाणी कुणाचं? तो म्हणाला, "अभी हमारा है, बाजी. अस्र के बाद उसका." अस्र म्हणजे दुपारनंतरची नमाज. पलीकडच्या बागेकडे त्याने हात केला. तिथला माळी बंगाली होता आणि फावडं घेऊन आधीच येऊन उभा होता. घड्याळ दोघांकडेही आहे, पण पाळी नमाजाच्या वेळेवर बदलते, कारण बांग सगळ्या खोऱ्याला एकदम ऐकू येते.

माझे यजमान साक्रीचे. पांझरेच्या काठी फड पद्धत अजून जिथे थोडीफार टिकून आहे, तिथे त्यांचं बालपण गेलं. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांत, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि कुणाच्या वाफ्यात पाणी किती वेळ हे ठरवणारा पाटकरी. शेतकरी स्वतः पाण्याला हात लावत नाही. ते मोडक्यातोडक्या उर्दूत त्या म्हाताऱ्याला हे सांगू लागले. म्हातारा म्हणाला, मग पाटकऱ्याने भावाला जास्त दिलं तर? "त्याची जमीन मुद्दाम त्या फडात नसायची," यजमान म्हणाले. असं नेमलेलं त्यांच्या लहानपणच्या गावात तरी होतं. म्हातारा बराच वेळ हसला, आणि त्याने बंगाली माळ्याला हाक मारून ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. स्वातमध्ये त्यांच्या गावी पाळीवरून तीन पिढ्यांचं भांडण आहे, असं त्याने मग सांगितलं. अस्रची बांग झाली तेव्हा तिघंही पाटाच्या कडेला उकिडवे बसून काडीने जमिनीवर फड, बंधारा आणि स्वातचा ओढा काढत होते. बंगाली माळ्याने उठून दगड घातला, आणि यजमान मला म्हणाले, "अगं, तू गाडी पुढे घे. मी एवढं संपवून येतो."