भाताचे भाऊबंद

बांबू गवत आहे! कोक्याच्या जंगलातला तो काटेरी कटांग, ज्याच्या बेटात शिरलं की अंगावर ओरखडे ठरलेले, तो आमच्या बांधीतल्या भाताचा भाऊबंद आहे. धुऱ्यावरची हरळी, ऊस, गहू, ज्वारी, मका, सगळं एकच घराणं. हे कळल्यापासून मी घरात, विहिरीवर, बचत गटाच्या बैठकीत, भेटेल त्याला सांगत सुटले आहे. कुणी ‘बरं मग?’ म्हणालं की मला आणखी चेव येतो.

आमचं करडी मोहाडी तालुक्यात. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला २०१३ साली जाहीर झालेलं कोका अभयारण्य, आणि मधे भात, तलाव, बोड्या. रोवणी, निंदण, कापणी यांतच माझं आयुष्य गेलं. शाळेत विज्ञान होतं, पण ते व्याख्या पाठ करण्यापुरतं. यंदा पुतणी दहावीला आहे. रात्री ती अभ्यासाला बसली की तिच्या सोबतीला म्हणून मी तिचं विज्ञानाचं पुस्तक चाळायला घेतलं. भाग दोन, पहिलाच पाठ: आनुवंशिकता व उत्क्रांती. पोरगी झोपून गेली, मी वाचतच राहिले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून तिचं आठवीचंही पुस्तक खाली काढलं.

आठवीला वर्गीकरण आहे. १७३५ साली लिनियसनं सजीवांचे दोन भाग केले, वनस्पती आणि प्राणी. १९६९ साली व्हिटेकरनं पाच सृष्टी केल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. पुस्तकात याचा तक्ता आहे, आणि मुलं तो तोंडपाठ करून विसरतात. पण त्यातल्या ‘कवके’ या एका शब्दापाशी जरा थांबून बघा! पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या आपल्या सात्या कवकांतल्या. त्या झाड नाहीत. त्यांना हिरवा रंग नाही, त्या स्वतःचं अन्न तयार करत नाहीत, आणि त्यांच्या पेशीची भिंत ज्या कायटिनची असते त्याच कायटिनचं खेकड्याचं कवच असतं. नातं लावत गेलं तर सात्या वांग्या-दोडक्यापेक्षा तुम्हा-आम्हाला जवळच्या निघतात. श्रावणात आमच्याकडे मटण बंद असतं आणि सात्यांची भाजी मजेत चालते. असो.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. आठवीला तक्ते शिकवायचे आणि ते तक्ते कशापायी, हे दहावीला सांगायचं, ही कुठली रीत? वर्गीकरण म्हणजे दुसरं काही नसून घराण्याची वंशावळ आहे, आणि वंशावळ समजायची तर आधी माणसांना आजा-पणजा असतो हे ठाऊक पाहिजे. उत्क्रांती आधी शिकवा. मग मोनेरा-प्रोटिस्टा पोरं आपणहून विचारतील.

आता भाताकडे येते, कारण खरा चमत्कार तिथे आहे. निंदणाला बसलं की धानाची पाती हात कापते. का कापते? धान मुळांवाटे पाण्यात विरघळलेली सिलिका ओढून घेतं आणि पानात, तुसात साठवतं. सिलिका म्हणजे वाळू आणि गारगोटी ज्याची बनते तेच द्रव्य. राइस मिलच्या भट्टीत तूस जळून जी राख उरते ती बहुतांश सिलिकाच. गवतांच्या पानात हिचे सूक्ष्म खडे असतात आणि खड्यांना ठरावीक आकार असतो. गवत कुजतं, खडा कुजत नाही. लाखो वर्षं गेली तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार बघून तो कुठल्या गवताचा हे ओळखता येतं.

आता घट्ट बसा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरांचं शेण सापडतं, दगड झालेलं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शेण तपासलं, आणि त्यात गवताचे सिलिका-खडे निघाले! वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. हे २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलं. तोवर जगभर समज होता की डायनासोर गेल्यावर बऱ्याच काळानं गवतं माजली. पिसदुऱ्याच्या शेणानं तो समज मोडला. पुढे २०११ साली त्यांनीच दाखवून दिलं की मध्य भारतात त्या काळी भाताच्या अगदी जवळच्या गोतावळ्यातली गवतंसुद्धा होती. म्हणजे आपल्याच विदर्भात, माणूस तर सोडाच, गाय-म्हैस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधी, भाताच्या पूर्वजांचे भाऊबंद कुणी अजस्र प्राणी चरत होता. मी हे वाचलं तेव्हा रात्री मोठ्यानं ओरडले. पुतणी उठून म्हणाली, “काकू, हे परीक्षेला नाही येत.”

न येवो! मला तर पुढचं आणखी अद्भुत वाटलं, कारण ते आम्हीच घडवलेलं आहे. तलावाच्या काठाला देवधान उगवतं. हे रानातलं धान, दाणे पिकले की आपोआप झडणारं. ते शिवारात शिरलं की तण होतं, छत्तीसगडकडे त्याला करगा म्हणतात. लोंबी येईपर्यंत ते धानासारखंच दिसतं. निंदणारी बाई काय करते? जे रोप वेगळं दिसेल ते उपटते. जे धानासारखं दिसेल ते वाचतं, पिकतं, झडतं आणि पुढल्या वर्षी पुन्हा उगवतं. वर्षानुवर्षं आम्ही ओळखू येणारं तण काढत आलो आणि ओळखू न येणारं निवडत आलो. डार्विननं ‘नैसर्गिक निवड’ म्हटलं ती हीच. फक्त इथे निवडणारा हात बाईचा आहे, आणि तिला आपण निवडतो आहोत याचा पत्ताही नाही. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाचा पहिला अध्याय माणसानं पाळलेल्या प्राणी-वनस्पतींवर आहे. त्यानं कबुतरं घेतली. तो आमच्या झाडीपट्टीत जन्मला असता तर त्यानं निंदण घेतलं असतं, हे माझं ठाम मत आहे.

ब्रिटिश काळात मध्य प्रांतात, ज्यात तेव्हा आपला भंडाराही होता, यावर एक नामी युक्ती निघाली. जांभळ्या पानाचं धान लावायचं, म्हणजे हिरवं दिसेल ते सगळं रानधान, सरळ उपटून टाका. युक्ती चालली. पण शेजारी-शेजारी फुललेल्या दोन धानांचा संकर व्हायचा तो झालाच, आणि थोड्याच वर्षांत रानधानातही जांभळी रोपं दिसू लागली. हिरवी उपटली जात होती, जांभळी सुटत होती. कोट्यवधी वर्षांची गोष्ट काही हंगामांत, एका बांधीत! उत्क्रांती डोळ्यांना दिसत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी धान लावून बघावं.

दिसण्यावर जाऊ नये, हे तलावानंही शिकवलं. कमळ आणि कुमुद शेजारी फुलतात, सख्ख्या बहिणी वाटतात. नात्यानं मात्र दूरदूरच्या. कमळाचं घराणं लागतं सिल्व्हर ओकशी, त्या उंच सरळ वाढणाऱ्या झाडाशी! शिंगाडा डाळिंबाच्या आणि मेंदीच्या कुळातला. मोह आणि चिकू एकाच कुळातले. मोहाची टोळी आणि चिकूची बी शेजारी ठेवा, तीच गुळगुळीत तपकिरी चकाकी.

आणि मासे? उन्हाळ्यात बोडी आटते, पाण्यातला प्राणवायू संपत येतो, तरी मरळ, मागूर आणि शिंगी तग धरतात, कारण तिघंही वर येऊन हवा घेतात. पण तऱ्हा वेगळ्या. मरळीच्या कल्ल्यांवर हवेची पोकळी, मागुरीत झाडासारखा फांद्या फुटलेला अवयव, शिंगीत अंगाच्या लांबीनं मागे गेलेल्या दोन नळ्या. अडचण एक आणि तोडगे तीन. ढिवरांच्या पोरांना हे मासे वर येऊन हवा घेतात हे आधीपासून ठाऊक असतं. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली नवेगावबांधला राहून अशाच माणसांकडून पशुपक्ष्यांची नावं आणि सवयी शिकले, हे मला आता नव्यानं पटलं.

सजीव म्हणजे काय, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुस्तकात सोपं करून टाकलंय: वाढतो, श्वास घेतो, प्रजनन करतो. कोठीतलं बियाणं यांतलं काय करतं? वाढत नाही, हलत नाही, श्वास इतका मंद की कुणाला कळू नये. मृगात पाणी दाखवलं की पऱ्हे उभे राहतात. खेचराला पिल्लं होत नाहीत, म्हणून ते निर्जीव का? व्याख्येच्या कडा अशा भुरभुरतात, आणि मला तरी त्या तशाच आवडतात.

तुमच्याकडे धानाची बांधी असेल तर एवढं करा. लोंबी बाहेर पडली की सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा. त्या वेळी धानाचं फूल थोडाच वेळ उघडतं. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर डोळे पुरतात. बाहेर लोंबणारे पुंकेसर मोजा, सहा भरतील. कटांग फुलोऱ्यावर आला तर त्यातही सहा. गव्हात, ज्वारीत तीनच. नुसते पुंकेसर मोजून वर्ग पाडणाऱ्या लिनियसनं १७५३ साली भाताला गव्हापासून तोडलं आणि कांद्याच्या पंगतीत बसवलं होतं. तुमच्या हाती नातं आहे, त्याच्या हाती नुसता आकडा होता. जा, मोजून या.