सिस्टरच्या नावाचा दाखला

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी मध्येच शाळा बदलली असेल, तर 'दाखला' म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणायचा, तो नव्या शाळेत द्यायचा, की तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये तुमचं नाव चढतं. मी नवी मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवते. इथली जुनी आगरी-कोळी गावं सोडली, तर बाकीचे आम्ही सगळे कुठून ना कुठून आलेलो. त्यामुळे जून उजाडला की आमच्या शाळेत साताऱ्यापासून नांदेडपर्यंतचे दाखले जमा होतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात बेळगावची एक मुलगी आली. वडिलांची तुर्भ्याला बदली झाली होती. तिचा दाखला मागाहून आला, पण ती पहिल्याच दिवशी बाकावर बसली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं लिहिलंच आहे, दाखल्याला उशीर झाला म्हणून मुलाला दारात थांबवायचं नाही.

तिची आई मात्र दारातच थांबली होती. आई नर्स. बेळगावला एका इस्पितळात नऊ वर्षं नोकरी केलेली. इथे आल्यावर काही महिने ती घरीच.

एके दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा धावत आला. "बाई, हिची आई खरी नर्स नाहीच! माझ्या आजोबांना इंजेक्शन द्यायला नाही म्हणाली." मागे ती मुलगी, डोळे भरलेले.

झालं होतं असं. दोघं एकाच इमारतीत राहणारी. आजोबांना डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली होती. शेजारीच नर्स आहे म्हटल्यावर सगळे तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "काकू, इथल्या नोंदवहीत माझं नाव अजून आलेलं नाही. मी आजोबांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन जाते, पण सुई नाही टोचणार." आणि खरंच ती पाच दिवस आजोबांना घेऊन गेली. तरी इमारतीत कुजबुज झालीच, केवढा भाव खाते म्हणून! मला विचाराल तर तिचं वागणं मला फार आवडलं.

आता ही नोंदवही काय भानगड आहे?

आपल्या देशात नर्सिंगचं शिक्षण घेऊन परीक्षा पास झालं, की लगेच कामाला लागता येत नाही. आधी राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. महाराष्ट्राची परिषद मुंबईत आहे, कर्नाटकची बंगळुरूला. नाव नोंदलं की क्रमांक मिळतो आणि मग ती नोंदणीकृत परिचारिका. (ब्रदरनाही हाच नियम, बरं का!) ही नोंद नुसती शोभेची नसते. कुणी गंभीर गैरवर्तन केलं, तर परिषद चौकशी करून त्या यादीतून नाव काढूनही टाकू शकते. नाव गेलं की काम गेलं.

ही परिषद राज्याराज्यांची वेगवेगळी. म्हणून राज्य बदललं की नाव इकडून तिकडे न्यावं लागतं. गंमत पाहा, ही बाई बोलते मराठी, स्वयंपाक आपल्यासारखा, पण तिचं नाव कर्नाटकच्या वहीत. 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात होतं, आणि नर्सच्या नोंदणीचा मुंबई इलाख्याचा कायदा 1935 सालचा. म्हणजे तिच्या आजीच्या वेळी बेळगावची नर्स मुंबईला आली असती, तर राज्याची वेस ओलांडायचा प्रश्नच नव्हता!

पुन्हा परीक्षा द्यावी लागते का? नाही. 1947 साली आपल्या देशात भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्याने ठरवून दिलं की मान्यता असलेलं शिक्षण एका राज्यात झालं असेल, तर ते दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीलाही पुरेसं धरायचं. परीक्षा नको, पण खात्री हवी. गुणपत्रिका, प्रमाणपत्रं, जुनं नोंदणीपत्र, आणि 'हो, ही आमच्याकडे नोंदलेली आहे, आमची हरकत नाही' असं जुन्या परिषदेचं पत्र.

आमच्या सिस्टरची गाडी एका वेगळ्याच ठिकाणी अडली. प्रमाणपत्रांवर नाव माहेरचं, आधार कार्डावर सासरचं! मग लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढा, प्रतिज्ञापत्र करा, दोन्ही नावांची बाई एकच आहे हे पटवून द्या. केरळमधून आलेल्या कितीतरी सिस्टर नवी मुंबईत काम करतात. त्यांच्यातल्या अनेकींना तर आडनावच नसतं, नावापुढे नुसती आद्याक्षरं असतात. आडनावाचा रकाना भरायचा कसा? जनरल रजिस्टर लिहिताना हा प्रश्न आम्हा शिक्षकांनाही पडतो, म्हणून मला त्यांची अडचण चटकन कळते.

अमेरिकेत तर काही नर्स थोड्या थोड्या आठवड्यांसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जातात. तिथेही प्रत्येक राज्याचा परवाना निराळा. 2000 सालापासून तिथल्या काही राज्यांनी आपसात करार करून एकच परवाना एकमेकांकडे चालवून घ्यायला सुरुवात केली. सगळी राज्यं मात्र अजून त्यात आलेली नाहीत.

तुम्हाला एक आश्चर्य सांगू? नर्सची अशी सरकारी यादी करायला खुद्द फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचा विरोध होता! परीक्षा घेऊन आणि नाव लिहून चांगली नर्स ओळखता येत नाही, माया आणि शिस्त कागदावर कशी मोजणार, असं त्यांना वाटे. दुसरीकडे एथेल बेडफर्ड फेन्विक यांनी यादी हवीच म्हणून इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं चळवळ केली. न्यूझीलंडने 1901 मध्ये कायदा केला, इंग्लंडने 1919 मध्ये. नाइटिंगेलबाईंचं म्हणणं खोटं नाही. पण आजारी माणूस झोपलेला असतो, कधी शुद्धीतही नसतो. समोरच्या बाईची माया पारखायला त्याला वेळ कुठला? त्याच्या वतीने कुणीतरी आधी पाहून ठेवायला हवं ना!

वर्गात मी मुलांना हेच विचारलं. हिला दाखल्याशिवाय बसू दिलं, मग हिच्या आईला का नाही? थोडा वेळ शांतता. मग तोच मुलगा म्हणाला, "हिने गणित चुकवलं तर हिचंच चुकतं. सुई चुकली तर आजोबांचं."

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. पण ती मुलगी काय म्हणाली तेही ऐका. "बाई, पण एवढे महिने आईचा पगार नाही, त्याचं काय?" याचं उत्तर वर्गात कुणाकडेच नव्हतं. पडताळणी हवीच, पण ती लवकर झाली तर काही बिघडत नाही, असं माझं मत आहे.

आता भारतीय परिचर्या परिषदेने देशभरातल्या नोंदणीकृत परिचारिकांची संगणकावरची एक नोंदवही केली आहे. तिच्यात प्रत्येकीला एक क्रमांक मिळतो. 2023 साली संसदेने नर्सिंगसाठी नवा कायदा केला, त्यातही देशाची एक आणि राज्यांच्या आपापल्या नोंदवह्यांची तरतूद आहे.

सिस्टरचं नाव दिवाळीनंतर महाराष्ट्राच्या वहीत चढलं. आठवड्याभरात नेरूळच्या एका इस्पितळात त्या रुजू झाल्या. पहिलीच पाळी रात्रीची लागली. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली ती वेणी न घालता, कारण आई झोपली होती आणि बाबांना वेणी येत नव्हती. प्रार्थनेच्या आधी मीच ती घालून दिली.