माझ्या मैत्रिणीचा पहिला वाढदिवस

वाचक भगिनींनो, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची जन्मतारीख कुणी विचारली, तर किती जणींची नक्की सांगता येईल? शाळेच्या दाखल्यावर बघाल तर बहुतेकींची 1 जून. हात डोक्यावरून घेऊन पलीकडचा कान धरता आला, की पोर शाळेच्या वयाचे झाले असे मास्तर ठरवायचे आणि 1 जून मांडून मोकळे व्हायचे. ज्या शाळेतच गेल्या नाहीत, त्यांची तर तीही तारीख नाही.

माझी एक मैत्रीण आहे. आमच्या शेताला तिचा बांध लागून आहे. नवरा जाऊन तिला बावीस वर्षे झाली. तीन एकर रान तिने एकटीने राखले, दोन पोरे शिकवली. गावात कुणाचेही लग्न असो, पुरणपोळ्यांना पहिले बोलावणे तिला. पण हळद लावायची वेळ झाली की ती आपण होऊन उठते आणि चुलीपाशी जाऊन बसते. कुणी तिला 'जा' म्हणत नाही. कुणी 'थांब'ही म्हणत नाही.

तिच्या नातवाचा वाढदिवस होता तेव्हा तालुक्याहून केक आणला होता. तिने तो कापून साऱ्या पोरांना वाटला, स्वतः मात्र तोंडाला लावला नाही. ती माळकरी, केकात अंडे असते. ताटल्या धुताना मला सहज म्हणाली, "आमच्या वेळंला हे नव्हतं. माझं तर मलाच ठावं न्हाई, कवा जन्मले ते."

ते बोलणे माझ्या मनातून जाईना. तिची मावशी अजून आहे, नव्वदीची. पाटणला जाणे झाले तेव्हा मी वाट वाकडी करून म्हातारीकडे गेले आणि विचारले. म्हातारी क्षणभरही थांबली नाही. "भूकंपाच्या पहाटे हिला मीच काखोटीला मारून अंगणात आणली. चालाय लागली व्हती, बोबडं बोलत व्हती. त्याच्या आदल्या साली झाल्याली, माघी पुनवेच्या आदल्या दिशी. हरभऱ्याचं घाटं भरलं व्हतं."

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. म्हणजे माझी मैत्रीण जन्मली 1966 सालच्या माघात, शुद्ध चतुर्दशीला. हिशेब केला तर 2025 च्या माघात तिला साठावे लागत होते. मी ठरवले, या तिथीला तिच्यासाठी केक आपल्या घरी, आपल्या चुलीवर करायचा.

तुम्ही म्हणाल, भट्टीशिवाय केक कसा? पण नानकटाई आपल्या आयाबाया खाली-वर निखारे ठेवून करतच होत्या. तीच रीत. जाड बुडाच्या कढईत बोटाचे एक पेर भरेल इतकी स्वच्छ, कोरडी वाळू पसरा. त्यावर एक चकती ठेवून, वर घट्ट झाकण घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे तापू द्या. तोवर पिठाची तयारी करा.

गव्हाचे चाळलेले पीठ 2 वाट्या, त्यात बेकिंग पावडर 1 लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात किसलेला गूळ 1 वाटी, दही 1 वाटी आणि पातळ केलेले तूप अर्धी वाटी एकत्र घोटा. गुळाचा खडा राहता कामा नये. वेलदोडा, जायफळ आपल्या आवडीने. मग पीठ त्यात घाला आणि इडलीच्या पिठाइतके सैल होईल एवढे कोमट दूध घाला. साधारण अर्धी ते पाऊण वाटी लागते. अंड्याची आठवणही होत नाही.

यातले मर्म ध्यानात घ्या. दह्याची आंबटाई आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी पीठ फुगते. म्हणून पीठ कालवून ठेवून शेजारी बोलत बसायचे नाही, लगेच भांड्यात ओतायचे. फार घोटायचेही नाही. गव्हाला जो चिकटपणा असतो तो पोळीला हवा, केकाला नको. जास्त घोटले की केक चिवट होतो. सोडा वाढवला तर केक जास्त फुगेल असे वाटते, पण चव साबणासारखी लागते. आणि पहिला अर्धा तास झाकण उघडायचे नाही. पीठ शिजून घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली, की फुगलेला केक मध्येच बसतो.

तूप लावून पीठ भुरभुरलेला डबा अर्ध्याहून थोडा अधिक भरा, कढईत ठेवा, झाकणावर चार निखारे ठेवा. पाऊण तासाने स्वच्छ सुरी खुपसून बघा. कोरडी निघाली की झाला. पूर्ण निवल्याशिवाय डब्यातून काढू नका. गुळामुळे रंग तांबूस येतो आणि घरभर वास सुटतो.

त्या संध्याकाळी तिला निरोप धाडला, 'जरा येऊन जा.' ती कामाच्या लुगड्यातच आली. पाट मांडलेला, रांगोळी घातलेली बघून म्हणाली, "कुणाचं काय हाय?"

"तुझं."

मावशीची सगळी हकीकत सांगितली. ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग पाटावर बसली. मेणबत्ती मी आणली नव्हती. दिवा फुंकून विझवायची आपल्याकडे रीत नाही. निरांजन लावले, तबक उचलले, तशी ती मागे सरकली. "ओवाळू नगं. लोक काय म्हणतील? तुझ्या घरात लेकीसुना हायत."

तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या सासूबाई उठल्या. त्यांनाही मालक जाऊन नऊ वर्षे झाली. माझ्या हातातले तबक त्यांनी घेतले. "मी ओवाळते. माझं कोण काय वाकडं करतंय बघू."

"मग बुक्का लावा, आत्याबाई."

"बुक्का विठोबाचा, रोजचाच हाय. आज हे," असे म्हणून त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावले आणि तिला ओवाळले. मग केक कापला. पहिला घास तिने सासूबाईंना भरवला. दोघी रडत होत्या आणि खातही होत्या.

वाचकहो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. चांगलेच झाले. पण ठराव चावडीवर होतो, तबक आपल्या हातात असते.

रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. दुसऱ्या दिवशी तिचा नातू माझा डबा घेऊन आला. आत सोललेला ओला हरभरा होता. पोरगा म्हणाला, "आजीनं इचारलंय, तुमचा कवा असतो?"

तुमच्या आळीतही अशी एखादी असेल. तिची आई, मावशी, आत्या कुणी हयात असेल, तर आजच जाऊन विचारा. कोणते पीक रानात होते, कोणता सण जवळ होता, त्या बरोबर सांगतील. कागदावर ते कुठेच लिहिलेले नाही. त्या गेल्या की विचारायला कुणी उरणार नाही.