हाताजोगी मोगरी

भेट देणें सोपें. परंतु कामाच्या माणसास कामाची वस्तु भेट देणें कठीण, असा आमचा गेल्या कांहीं वर्षांचा अनुभव आहे. शिक्षकाच्या चाकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं सुतारकाम शिकावयास घेतलें. आणि त्या छंदांतून दरसाल चारदोन लांकडी मोगऱ्या व हातोड्या घरीं तयार करून आपल्याबरोबर काम करणाऱ्यांस देण्याची रीत पडली. आमच्या हिंगोलीचा दसरा मराठवाड्यांत प्रसिद्ध आहे. त्याच्या आदल्या दिवशीं, खंडेनवमीस, ज्याचें हत्यार त्यानें पुजावें असा परिपाठ आहे. त्या पूजेंत मांडावयास एक नवें हत्यार आलें तर तें कोणास नको?

मोगरी म्हणजे लांकडाचा हातोडा. पटाशीची मूठ लांकडी असते. तिच्यावर लोखंडी हातोडीचे घाव बसले कीं ती फुलते आणि चिरते. लांकडास लांकडाचाच घाव मानवतो. मोगरीचा माथा आम्ही चिंचेचा करितों. सागवान दारांखिडक्यांस उत्तम, पण या कामास हलकें व फुटणारें. चिंचेचा गाभा जड, आणि त्याचे तंतु एकमेकांत गुंतलेले, म्हणून तो घाव सोसतो. ओंडका कापल्यावर टोकांस मेण लावून तो वर्ष-दीड वर्ष सावलींत वाळवावा लागतो, नाहींतर तडकतो. दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा. तो करवतीनें न कापतां उभा फोडून काढावा, म्हणजे लांकडाच्या रेषा मध्येंच तुटत नाहींत. माथ्याचें भोंक वरच्या अंगास किंचित् रुंद ठेवून दांडा वरून खालीं ओवावयाचा. मग प्रत्येक घावाबरोबर तो अधिकच घट्ट बसतो. लोखंडी हातोडीचा माथा लोहाराकडून आणावा लागतो, आणि दांडा नेढ्यांत बसवून वरून पाचर मारावी लागते. शेवटीं दोहोंच्या लांकडांत जवसाचें तेल दोनतीन वेळां मुरवावें.

एवढें सगळें पुस्तकांतून शिकतां येतें. पुस्तकांत नसतो तो घेणाराचा हात. हें आमच्या वाचकभगिनींस समजावून सांगावयास नको. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरांत चार लाटणीं असलीं तरी प्रत्येकीचें लाटणें ठरलेलें असतें. दुसरीचें हातीं आलें कीं पोळीचा कांठ जाड राहतो. मोगरीचेंहि तसेंच आहे. आमची पुतणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत सुतारकाम शिकते. तिच्यासाठीं माथा लहान व दांडा बारीक केला. आमचे एक स्नेही लांकडावर कोरीव काम करितात. कोरतांना नजर पटाशीच्या धारेवर असते, मोगरीवर नसते. म्हणून त्यांस गोल माथ्याची दिली, कीं ती कोणत्याहि अंगानें लागली तरी चालावी.

आमचे गुरु म्हणजे शेजारच्या गांवचे वृद्ध सुतारकाका. त्यांच्या वडिलांनीं बलुत्यावर काम केलेलें: वर्षभर नांगर, तिफण, गाडा नीट राखावयाचा आणि सुगींत खळ्यावर धान्याचा वांटा घ्यावयाचा. काकांचे दोन्ही मुलगे पुण्यास कारखान्यांत आहेत. गेल्या वर्षीं काकांच्या बोटांचे सांधे धरले, हत्यार निसटूं लागलें, आणि पेटी आतां माळ्यावर टाकावी असें ते बोलूं लागले. आम्हीं त्यांच्या मुठीचा ठसा ओल्या मातीच्या गोळ्यावर घेतला. त्या बेतानें दांडा जाड केला, आणि माथा पाऊण किलोऐवजीं अर्ध्या किलोचा केला. काकांनीं स्तुतीचा शब्द काढला नाहीं. दोन घाव घालून म्हणाले, “गुरुजी, अंगठ्याखालीं जरा भरीव लागतंय. कानशीनं उतरवा.” आम्हीं तेथेंच उतरविलें. आतां ते रोज सकाळीं तासभर कामास बसतात. पूर्वींइतकें काम होत नाहीं, परंतु पेटी खालींच आहे.

सरकारनें १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेंत १८ व्यवसाय घेतले आहेत. त्यांत सुतार-लोहार तर आहेतच, पण हातोडे व हत्यारें घडविणारांचा वेगळा वर्गहि आहे. आणि हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साह्य ठेविलें आहे. हें योग्यच झालें. परंतु दुकानांतील हत्यार सर्वांच्या हातासाठीं केलेलें असतें. काकांच्या अंगठ्याची गोष्ट त्यास कशी ठाऊक असावी?

आमच्या जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानितात. गुरुग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. त्यांतील एका पदांत ईश्वर हाच घर शाकारणारा सुतार झाला आहे, आणि त्याची मजुरी पैशाची नसून प्रेमाची आहे. बलुत्याची पद्धत गेली, तिच्यांतील उच्चनीच भाव गेला तितका बराच झाला. आपल्या पांढरपेशा घरांतून सुतारास मजुरी वेळेवर मिळतहि असेल. पण त्याचा हात केवढा आहे, हें कोण पाहतो? मोगरी करावयास घेतली कीं तें पाहावेंच लागतें. ज्यांना हा खटाटोप जमणार नाहीं, त्यांनीं निदान घरीं कामास आलेल्या सुताराची हातोडी एकदां विचारून हातांत घ्यावी. दांडा जेथें झिजला आहे, तेथें त्याचीं बोटें किती वर्षें राबलीं, तें न सांगतां कळतें.